खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय हलवताना

खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय भरलेले उचलता येत नाही. 400 लिटर पाण्याचेच वजन 400 किलोंहून अधिक भरते. मात्र खरी जोखीम काचेची नसून खडकांवरील जिवाणूंची असते. माशांनी उत्सर्जित केलेल्या विषारी अमोनियाचे रूपांतर हेच जिवाणू तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करतात. खडक सुकले की जिवाणू मरतात आणि नव्या घरी अमोनिया साचून मासे दगावतात. म्हणून खडक जुन्याच पाण्यात बुडवून न्यावेत. मासे शेवटी पकडून, बॅटरीवरील हवापंप लावलेल्या बादलीतून न्यावेत. क्षारता लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम आणि तापमान 25 अंशांच्या आसपास स्थिरावल्यावरच ते टाकीत सोडावेत. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावरील पाण्याची क्षारता नद्यांच्या पुरामुळे घटते. त्या दिवसांत समुद्राचे पाणी टाकीत भरणे टाळावे.