असं का होतं? : एकाच बाजूला गाठ

नऊ वर्षांची लेक म्हणते, "आई, इथे दुखतंय." हात लावून पाहावं तर स्तनाग्राखाली बटणाएवढी टणक गाठ, तीही एकाच बाजूला. आईच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा ही वयात येण्याची पहिली खूण असते.

सुरुवात मेंदूत होते. इतकी वर्षं गप्प असलेला हायपोथॅलॅमस रात्री, झोपेत, थांबून थांबून एक संप्रेरक सोडू लागतो. त्याने पिट्युटरी ग्रंथी जागी होते, ती अंडाशयांना उठवते आणि अंडाशयांतलं इस्ट्रोजेन स्तनांची वाढ सुरू करतं. दोन्ही बाजू त्याला एकाच वेळी दाद देत नाहीत. म्हणून एक बाजू काही महिने पुढे असते. पाळी साधारण 2 ते 3 वर्षांनी येते.

ब्रा कधी घ्यायची? वय पाहू नका, तिची अडचण विचारा. धावताना दुखतं, शाळेचा शर्ट घासतो, असं म्हणाली तर सुती स्लिप किंवा बिगिनर्स ब्रा पुरे. वायर, पॅड नकोत. ब्रा घातल्याने वाढ थांबत नाही, वाढतही नाही. (आणि दुकानात तिच्या मापाची चर्चा मोठ्याने नको!)

आठव्या वर्षाआधीच गाठ दिसली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.