जिना उतरू न शकणारा शेजारी

नागपूरच्या उत्तर भागात जरीपटका नावाची वस्ती आहे. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. त्यानंतर सिंध प्रांतातून आलेल्या अनेक कुटुंबांनी येथे नव्याने संसार मांडले. आता या वस्तीत अनेक मजल्यांच्या इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. अशा इमारतींत लिफ्टजवळ बहुधा एक सूचना असते : 'आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये.' मुलांनो, ही सूचना तुम्ही वाचली असेल. पण तिचा पूर्ण विचार कधी केला आहे काय?

सूचना योग्यच आहे. आगीत वीज बंद पडून लिफ्ट मध्येच अडकण्याचा संभव असतो. शिवाय लिफ्टचा उभा, पोकळ मार्ग धुराड्यासारखा असतो. तप्त धूर त्यातून झपाट्याने वर चढतो. आगीत ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक माणसे दगावतात. कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू असतो. म्हणून जिन्यानेच उतरावे, असे सांगतात.

परंतु ज्याला जिनाच उतरता येत नाही, त्याने काय करावे? पाचव्या मजल्यावर चाकांच्या खुर्चीत बसून अभ्यास करणारी एखादी मुलगी असेल. संधिवाताने पाय आखडलेल्या एखाद्या आजी असतील. सर्वांचे प्राण वाचविणारा नियम त्यांची एकुलती एक वाट बंद करतो!

ही शंका पोकळ नव्हे. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीस रात्री आग लागली. त्या आगीत ७२ माणसे मृत्यू पावली. तेथे राहणाऱ्या ३७ दिव्यांग रहिवाशांपैकी १५ जण त्यांत होते. त्यांना बाहेर कसे काढावे, याची योजना आधी आखलेली नव्हती.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संकटकाळी दिव्यांगांनाही इतरांइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे ठरविले आहे. २४ मीटरहून उंच अशा अनेक इमारतींत धूर व ज्वाळांपासून काही काळ सुरक्षित अशी मोकळी जागा राखलेली असते. तिला 'रेफ्युज एरिया' म्हणतात. जिना उतरू न शकणाऱ्याने तेथे थांबावे आणि जवानांनी त्यास खाली आणावे, हा तिचा हेतू होय. तेथे अडगळ भरणे म्हणजे दुसऱ्याच्या प्राणांची जागा बळकावणे होय.

कित्येक इमारतींत मात्र अशी जागा नसते. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५७ पासून देशभरातील अग्निशमन अधिकारी तेथे शिक्षण घेत आले आहेत. परंतु जवान कितीही निष्णात असले, तरी ते येईपर्यंतची पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांच्याच हाती असतात.

म्हणून प्रत्येक इमारतीने आगीची वाट न पाहता तयारी करावी. कोणत्या मजल्यावर कोणास मदत लागते, याची यादी रखवालदारापाशी असावी. अशा प्रत्येकासाठी दोन सशक्त शेजारी नेमावेत. एक घरी नसला, तरी दुसरा असेल. बहिऱ्या माणसास घंटा ऐकू येत नाही. त्याला जागे कोणी करावे, हेही ठरवावे. १०१ या क्रमांकावर अग्निशामक दलास कळविताना अडकलेल्याचा मजला आवर्जून सांगावा. सराव करताना यांना घरी बसवून ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, योजना ज्याच्यासाठी आहे त्यालाच प्रथम विचारावे. आपणास कसे उचलले असता दुखत नाही, हे त्यालाच ठाऊक असते. अंध माणूस तर काळोखात जिना इतरांपेक्षा अधिक सहजतेने उतरेल. कदाचित तोच आपल्याला वाट दाखवील.

मुलांनो, आज घरी गेल्यावर आपल्या इमारतीचा जिना चढताना प्रत्येक दारापाशी मनाशी विचारा : या घरातले सर्वजण स्वतःहून खाली येऊ शकतील काय? ज्या दारापाशी 'नाही' असे उत्तर येईल, तेथील माणसाविषयी आजच आईवडिलांशी बोला.