अल्झायमर रोगाचे निदान व उपचारविषयक संशोधन

अल्झायमर रोग हा मेंदूच्या पेशींचा हळूहळू ऱ्हास घडवणारा रोग असून स्मृतिभ्रंशाचे ते सर्वाधिक आढळणारे कारण आहे. स्मृतिभ्रंश हा लक्षणसमूह आहे, तर अल्झायमर हा तो लक्षणसमूह निर्माण करणाऱ्या अनेक रोगांपैकी एक आहे. या रोगाचे निदान व उपचार यांसंबंधीचे संशोधन प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांत झाले. त्याचे निष्कर्ष नांदेड व लातूरसारख्या जिल्ह्यांत लागू करताना निरक्षरता, बहुभाषिकता आणि तज्ज्ञसेवेपासूनचे अंतर हे तीन प्रश्न पुढे येतात.

पार्श्वभूमी

जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील परिषदेत ऑगुस्टे डेटर या रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले. पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू त्यांना आढळले होते. हे गोळे बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे, तर तंतू टाऊ या प्रथिनाचे असतात, हे पुढे सिद्ध झाले. एमिल क्रेपेलिन यांनी १९१० साली या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ आहे. वयानुसार नाव चटकन न आठवणे ही सामान्य बाब असू शकते. परंतु नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचा व्यवहार न जमणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे किंवा ओळखीच्या कामाचा क्रम विसरणे ही वार्धक्याची अपरिहार्य लक्षणे नव्हेत. ती तशी समजली गेल्यास रुग्ण वैद्यकापर्यंत पोहोचण्यास उशीर होतो.

निदानाच्या पद्धती

निदानाचा पहिला टप्पा म्हणजे रुग्ण व निकटच्या नातेवाइकांकडून घेतलेला तपशीलवार वृत्तान्त. त्यानंतर आकलनक्षमतेची चाचणी, शारीरिक तपासणी, रक्ततपासणी आणि मेंदूचे सीटी स्कॅन किंवा एमआरआय केले जाते. नैराश्य, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, कवटीखाली साचलेले रक्त अथवा काही औषधांचे परिणाम यांमुळेही विस्मरण होते आणि यांपैकी अनेक कारणांवर उपचार शक्य असतो. महाराष्ट्रात ब-१२ची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ६७ टक्के पुरुषांमध्ये या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले.

रोगाची जैविक खूण पटवण्यासाठी मणक्यातील द्रवाची तपासणी आणि अमायलॉइड दाखवणारे पेट स्कॅन या पद्धती वापरात आल्या. अलीकडे रक्तातील पी-टाऊ २१७ या प्रथिनाच्या मोजमापावर भर दिला जात आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा पहिल्या रक्तचाचणीस परवानगी दिली. ती लक्षणे असलेल्या ५५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी आहे. मूत्रपिंडाच्या विकारात या प्रथिनाची पातळी वाढू शकते. त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावरून निदान केले जात नाही.

निरक्षरता, भाषा व चाचण्या

आकलनक्षमतेची ३० गुणांची एमएमएसई ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीत वाक्य लिहिणे, वाचलेली सूचना पाळणे, शंभरातून सात वजा करत जाणे आणि आकृती काढणे असे प्रश्न आहेत. शाळेत न गेलेली व्यक्ती पूर्ण निरोगी असूनही यांत गुण गमावते. याउलट, उच्चशिक्षित व्यक्तीचा ऱ्हास सुरू झालेला असूनही तिचे गुण चांगले राहू शकतात.

हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी या चाचणीचे हिंदी रूप तयार केले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगण्यास, तर लेखी सूचनेऐवजी परीक्षकाच्या कृतीचे अनुकरण करण्यास सांगितले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे विकसित केलेला चाचणीसंच पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत केवळ प्रमाण मराठीतील चाचणी पुरेशी ठरत नाही. नांदेडच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद भागांत तेलुगूचा आणि लातूरच्या सीमाभागात कन्नडचा वावर आहे. उर्दू व दखनी बोलणारी कुटुंबे दोन्ही जिल्ह्यांत आहेत, तर तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. निजामाच्या राज्यात उर्दू ही शिक्षणाची भाषा असल्याने अतिवृद्ध पिढीतील काहींचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले. ज्या भाषेत व्यक्ती दैनंदिन विचार करते तीत चाचणी न झाल्यास कमी गुणांचे कारण रोग आहे की भाषा, हे सांगता येत नाही.

जन्मनोंद नसलेल्या व्यक्तींचे वय ठरवण्यासाठी रोगप्रसारशास्त्रात स्थानिक घटनांचा आधार घेतला जातो. मराठवाड्यात १९४८ची हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाई, १९७२चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारी भूकंप या अशा खुणा होत. जुन्या घटना स्पष्ट आठवणे म्हणजे स्मृती शाबूत असणे नव्हे. या रोगात अलीकडच्या आठवणी आधी जातात.

बहुभाषिकतेची दुसरी बाजूही संशोधनातून पुढे आली आहे. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही. अन्य संशोधनांत याविषयी मतभेद आहेत.

रोगाचे प्रमाण

मुंबईतील २४,४८८ लोकसंख्येच्या पाहणीत ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले; हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने झालेल्या देशव्यापी वार्धक्य पाहणीवर आधारित अभ्यासाने २०२३ साली ६० वर्षे व त्यावरील वयोगटात ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा अंदाज दिला. ग्रामीण भागात हे प्रमाण ८.४, तर शहरी भागात ५.३ टक्के होते, स्त्रियांमध्ये ९.०, तर पुरुषांमध्ये ५.८ टक्के होते. वयोगट व निकष वेगळे असल्याने या दोन पाहण्यांची थेट तुलना करता येत नाही.

उपचारविषयक संशोधन

डोनेपेझिल (अमेरिकेत मान्यता १९९६), रिव्हास्टिग्मिन व गॅलँटामिन ही औषधे मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलीन हा संदेशवाहक टिकवून ठेवतात; मेमँटिन ग्लुटामेट या संदेशवाहकाच्या कार्यावर परिणाम करते. यांमुळे लक्षणे काही काळ सौम्य होतात, परंतु पेशींचा ऱ्हास थांबत नाही.

मेंदूतील अमायलॉइड काढून टाकणाऱ्या प्रतिपिंडांचा गट नंतर आला. त्यांपैकी लेकानेमॅबच्या चाचणीत सौम्य अवस्थेतील १,७९५ व्यक्ती होत्या. १८ महिन्यांनंतर औषध घेणाऱ्या गटातील ऱ्हास २७ टक्क्यांनी मंद आढळला. १८ गुणांच्या मापनश्रेणीवर हा फरक ०.४५ गुणांचा होता. रुग्णाच्या दैनंदिन जीवनात तो कितपत जाणवतो, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. मेंदूत सूज व सूक्ष्म रक्तस्राव हे या औषधांचे ज्ञात धोके असून एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांत ते अधिक आहेत. म्हणूनच उपचारापूर्वी अमायलॉइडची खात्री आणि उपचारादरम्यान वारंवार एमआरआय आवश्यक असते. लेकानेमॅब शिरेतून दर दोन आठवड्यांनी दिले जात असल्याने दूरच्या गावातील रुग्णासाठी प्रवास हाही उपचाराचाच भाग ठरतो.

संमती व रुग्णांचे हक्क

भारतात औषधचाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया येथे करावी लागते. २००७ साली सुरू झालेली ही नोंदणी जून २००९ पासून सक्तीची झाली. २०१९च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मान्यता, माहितीपूर्ण संमती आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई बंधनकारक आहे. रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ असल्यास कायदेशीर प्रतिनिधी संमती देतो. चाचणीत काहींना औषधाऐवजी निष्क्रिय द्रव्य दिले जाते आणि सहभाग केव्हाही सोडता येतो, हे कुटुंबाला समजणाऱ्या भाषेत सांगणे अपेक्षित असते.

प्रतिबंध व स्थानिक सेवा

लॅन्सेट आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार अल्पशिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, उपचार न झालेला दृष्टिदोष इत्यादी १४ घटकांवर आयुष्यभर लक्ष दिल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. फिनलंडमध्ये १,२६० व्यक्तींवर दोन वर्षे झालेल्या फिंगर चाचणीत आहार, व्यायाम, बौद्धिक सराव व रक्तदाबनियंत्रण यांच्या एकत्रित वापराचा आकलनक्षमतेवर अल्प परंतु अनुकूल परिणाम दिसला.

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८८) आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था (स्थापना २००२) ही या दोन जिल्ह्यांतील प्रमुख शासकीय वैद्यकीय केंद्रे आहेत. रक्तदाब मोजणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, श्रवणयंत्र आणि मुलींचे शालेय शिक्षण यांसाठी पेट स्कॅनची गरज नसते. त्यामुळे प्रतिबंधाच्या संशोधनाचा लाभ ग्रामीण मराठवाड्यापर्यंत नव्या औषधांपेक्षा लवकर पोहोचू शकतो.