खारेपाटाची शीव

पेणचा खारेपाट, म्हणजे खाडीकाठचा खाऱ्या जमिनीचा पट्टा, मोजणीदाराची परीक्षा पाहतो. बाहेरकाठ्याचा बांध फुटला की भरतीचे पाणी शेतांत शिरते आणि आतले बांध गाळात बुजतात. रोह्याकडे अडचण वेगळी. कुंडलिकेकाठच्या भातखाचरांना बांध आहेत, पण वर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीला बांधच नाही. तिथे ओढा, खडक, जुने झाड हीच खूण.

अशा मुलखात शीव सांभाळायचे जुने उपाय माणसांवर आणि भीतीवर उभे होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेवर झाडे लावायला आणि जमिनीखाली कोळसा, हाडे, खापऱ्या, तूस अशा न कुजणाऱ्या खुणा पुरायला सांगितले आहे. सीमेचे साक्षीदार डोक्यावर माती घेऊन, तांबडी वस्त्रे नेसून बोलत. दान मोडणाऱ्याला दगडावर कोरलेला गधेगाळीचा शाप असे. मराठा काळात शिवेच्या तंट्यात गावकऱ्यांची गोतसभा बसे, निवाड्याचा लेख म्हणजे महजर होई आणि महाराची साक्ष मोलाची ठरे, कारण गावाची शीव त्याच्या पायाखालची असे. तंटा तरीही मिटला नाही, तर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होते.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि ईस्ट इंडिया कंपनीची मोजणीची साखळी आली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या 1847 च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातल्या मोजणीला पक्की घडी दिली. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शेताच्या आकृतीत साखळीने काटकोनी मापे घेऊन जागेवरच टिपण लिही. म्हणूनच हद्दीचा दगड वाहून गेला तरी त्या मापांवरून हद्द पुन्हा उभी करता येते. आजची ‘हद्द कायम’ मोजणी याच कागदांचा आधार घेते.

मात्र शिवेवरची माणसे या कागदांनी हटवली नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधले कलम 133 सांगते, की शेजारच्या गावांचे पाटील व ग्रामअधिकारी एखाद्या रेषेवर राजीखुशीने एकमत झाले, तर त्यांच्याकडून करारनामा लिहून घेऊन तीच हद्द आखावी. वाद असेल तेव्हाच अधिकाऱ्याने चौकशी करून निर्णय द्यावा. आखलेल्या खुणा जपण्याची जबाबदारी खातेदारावर आहे आणि त्या मोडणाऱ्याला दंड आहे. खारेपाटात हे काम पूर्वी जोळ ही गावकऱ्यांची सामूहिक व्यवस्था करीत असे: सगळ्यांच्या श्रमाने बांध आणि पाणी सोडायची उघाडी राखायची, त्यातच हद्दही राखली जायची.

आता रोव्हर यंत्र उपग्रहांच्या आधाराने बिंदू टिपते आणि काम झपाट्याने उरकते. तरी मोजणीआधी लगतच्या खातेदारांना नोटीस जातेच. यंत्र हद्द दाखवू शकते, पण ती टिकवायची तर बांधाच्या दोन्ही अंगांच्या माणसांना ती मान्य व्हावी लागते.