गवत भाताआधी कापावं

पुणे जिल्ह्यात वेल्ह्याहून केळदकडे जाताना वाटेत पासली हे गाव लागतं. सप्टेंबर सरता सरता इथले डोंगरउतार गवताने भरून गेलेले असतात, आणि एप्रिल-मेमध्ये याच उतारांवर गुरांच्या तोंडाला काडी लागत नाही. मधल्या काळात ते गवत कापून, वाळवून गंजीत घालायचं असतं. कधी कापायचं, याचं उत्तर बऱ्याच घरांत ठरलेलं आहे: भात घरात आलं की. मला ते पटत नाही. तोवर गवताचं काड झालेलं असतं.

सुरुवात गवताकडे बघण्यापासून करू. गवत आधी पोटरीत येतं, म्हणजे तुरा कांड्याच्या आत फुगतो. मग निसवतं, म्हणजे तुरा बाहेर पडतो. मग फुलतं आणि शेवटी बी धरून ते गाळतं. पोटरीपर्यंत पानं कोवळी आणि कसदार असतात, पण गवत पाण्याने भरलेलं आणि वजनाला कमी असतं. बी पक्व झालं की ताट कडक होतं आणि प्रथिनं, म्हणजे दुधाला आणि अंगाला लागणारं पोषण, निम्म्याहूनही खाली येऊ शकतात. वजन आणि कस दोन्ही पदरात पडतात ते फुलोऱ्यात.

फुलोरा लांबून ओळखू नका. रानात आडवे चाला आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा काड्या उपटून पाहा. पाच-सहा काड्यांना तुरा पूर्ण बाहेर आलेला दिसला, की दिवस भरले. वरच्या मुरमाड अंगाचं गवत आधी तयार होतं, ओढ्याकाठच्या खोल मातीतलं मागाहून. त्यामुळे सगळ्या रानासाठी एकच तारीख नसते. रानाचे दोन-तीन तुकडे मनात पाडून ठेवलेले बरे.

कुसळी गवताचं गणित वेगळं. तिचं टोकदार बी ओल लागली की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पिळतं आणि असं करत रुततं. ते गुरांच्या हिरडीत, जिभेखाली, कधी डोळ्यातही जातं. कुसळं हिरवट आणि मऊ आहेत तोवर कापलं तर कुसळीही चांगली वैरण. ती तांबूस, कडक झाली, की गळून जाण्याची वाट बघण्यावाचून इलाज नाही, आणि गळाल्यावर हाती फक्त पोट भरणारं काड येतं. म्हणून मारवेल आणि पवन्या या गवतांच्या आधी विळा कुसळीला लावा.

आता आभाळ. खरा पेच इथेच आहे. गवत म्हणतं आत्ता, पाऊस म्हणतो थांब. घाटमाथ्याजवळच्या या पट्ट्यात हस्ताचा पाऊस, म्हणजे साधारण 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर, नेमका फुलोऱ्यावर येतो. परतीच्या पावसाची सवय अशी की सकाळ लख्ख, दुपारनंतर गडगडाट. सकाळच्या उन्हाला भुलून पाच माणसं लावायची आणि संध्याकाळी कापलेलं सगळं भिजवायचं, ही इथली नेहमीची चूक. भिजलेल्या गवताचा कस पाण्याबरोबर वाहतो, वर ते काळं पडतं.

म्हणून सलग तीन कोरडे दिवस हवेत. हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीतही वाचता येतो. पण जिल्ह्याचा अंदाज म्हणजे पासलीचा नव्हे. त्याच जिल्ह्यातलं दौंड कोरडं असताना इथे सर येते. अंदाज वाचून झाल्यावर पश्चिमेला ढग कसे जमतात तेही दोन दुपारी पाहा. आणि वीज कडाडत असेल तर उघड्या माळावर थांबू नका, गवत राहू द्या.

तीन दिवस मिळतच नसतील तर? सगळं रान एकदम पाडायचं नाही. एका दिवसात उचलता येईल तेवढाच तुकडा कापा. भात हळवं असेल तर ते दसऱ्याच्या आसपास निघतं, गरवं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. या दोन कापण्यांच्या मधले आठ-दहा दिवस गवताचे. ते आधीच घरात बोलून ठेवा, कारण गरवं कापायला लागलं की गवताला माणूस मिळत नाही.

किती कापायचं याचाही हिशेब हवा. अडीचशे किलोच्या गाईला रोज सुमारे सहा किलो कोरडी वैरण लागते. दीडशे दिवस धरले तर नऊशे किलो. त्यातून घरचा पेंढा वजा करा. मात्र पेंढा पोट भरतो, दूध देत नाही, हे लक्षात असू द्या. दहा पेंढ्या काट्यावर तोलल्या की आपल्या पेंढीचं वजन कळेल. हिरव्या शंभर किलो गवताचं वाळून साधारण पस्तीस किलो उरतं, हेही हिशेबात धरा.

कापणी दंव उडाल्यावर. मुळापासून चार बोटं ठेवून कापा. खरडून कापलं तर पुढच्या वर्षी ठोंब मरतो. कोपऱ्यातला एक तुकडा बी गळेपर्यंत सोडून द्या. सगळंच दरवर्षी फुलोऱ्यात कापलं तर बी पडत नाही आणि माळ विरळ होत जातो.

वाळवताना पातळ पसरा, दुपारी एकदा उलटवा. वाळलं का, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. मूठभर गवत बारीक करून कोरड्या बरणीत घाला, वर चमचाभर कोरडं मीठ, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर ओल अजून आहे. मीठ सुटं राहिलं तर गवत गंजीला तयार. पेंढ्या मात्र भर दुपारी बांधू नका. तेव्हा पानं ठिसूळ असतात, झडतात, आणि कस पानातच असतो.

गंजी दगडांवर लाकडं टाकून, उंचावर रचा. मधला भाग भरदार, वरचं टोक निमुळतं, म्हणजे पाणी बाहेर उतरेल. घर, चूल आणि रस्त्यापासून लांब ठेवा. फेब्रुवारीपासून वणवे लागतात, तेव्हा भोवतीचं वाळलं गवत आधीच साफ केलेलं असावं. पहिल्याच दिवशी ताडपत्री घट्ट आवळली की आतली वाफ कोंडते.

रचल्यावर आठव्या दिवशी गंजीत कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली किंवा आंबूस वास आला, तर कंटाळा न करता गंजी मोडा आणि पुन्हा उन्हात पसरा. बुरशी धरलेली पेंढी गाभण गाईपुढे तर टाकूच नका. हात कोरडा, गार बाहेर आला, तर आता ताडपत्री बांधा आणि गरव्या भाताकडे वळा.