टाकून दिलेली जुनी शर्यतीची सायकल : ओळख आणि मोल

युरोपात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बनलेल्या पोलादी शर्यतीच्या सायकली आजही अधूनमधून भंगारात सापडतात. रंग उडाला, नाममुद्रा पुसली, तरी त्यांची ओळख पटविता येते. पेडलच्या आसाखालील नळीवर बहुधा अनुक्रमांक ठोकलेला असतो. सीटच्या दांड्याचा व्यास २७.२ मिलिमीटर असेल, तर चौकट ब्रिटनच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये आणलेल्या ‘५३१’सारख्या हलक्या, दर्जेदार नळ्यांची असण्याची शक्यता बळावते. इटलीच्या कॅम्पान्योलोच्या काही मागील गिअरयंत्रणांवर ‘पेटंट’ या शब्दापुढे वर्षाचे अंक असतात. त्यावरून त्या भागाचा काळ कळतो, सायकलीचा नव्हे. कारण भाग नंतर बदललेला असू शकतो.

मोल ठरविताना नुकसान निर्णायक ठरते. समोरून धडक बसल्यास चिमटा मागे वाकतो आणि हँडलजवळील नळ्यांना सुरकुती पडते. कुशल कारागीर झाळलेली नळी बदलू शकतो. परंतु खर्च अनेकदा चौकटीच्या किमतीहून अधिक होतो. अशा वेळी शाबूत सुटे भागच मोलाचे ठरतात. मूळ रंग आणि चिन्हे संग्राहकांना प्रिय असल्याने नवा रंग घाईने देऊ नये. मात्र त्याआधी अनुक्रमांक पोलिसांकडे पडताळून घेणे आवश्यक आहे. सायकल चोरीची निघाल्यास तिच्यावर हक्क मूळ मालकाचाच असतो.