चिंध्यांचे तोरण

आश्विन लागला की भिवंडीच्या बाजारात झेंडूचे आणि आंब्याच्या डहाळ्यांचे ढीग पडू लागतात. विजयादशमीपासून आश्विन अमावास्येच्या महावीर निर्वाणदिनापर्यंत घराचे आणि पेढीचे दार सुने राहू नये, ही व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. थंड देशांत शरदाची सजावट गळालेल्या पानांनी करतात. आपल्याकडे शरदात झाड हिरवेगार असते, पानगळ येते ती शिशिरात. म्हणजे इथे तोरण बांधायचे तर जिवंत पान खुडणे आले, आणि तेही ऐन चातुर्मासात. अनेक जैन गृहिणींच्या मनाला ही चुटपुट लागून राहते.

यंत्रमागांच्या या गावात तिच्यावरचा उपाय पोत्यांत भरून पडलेला असतो: कापडाच्या चिंध्या.

त्यांतल्या सुती तेवढ्या निवडाव्यात. एक धागा चिमट्यात धरून पेटवावा. जळत्या कागदासारखा वास येऊन मऊ राख उरली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पेढीवर वाढलेल्या मुलांना ही परीक्षा शिकवावी लागत नाही. कोऱ्या कापडाच्या ताण्याला खळ असते; ती राहिली तर बुरशी आणि कीड धरते. म्हणून चिंध्या गरम पाण्यात भिजवून स्वच्छ धुवाव्यात. याच कारणाने कणकेची खळ लावून पाने चिकटवू नयेत; सुईदोराच बरा. पिवळ्या रंगासाठी डाळिंबाच्या सालींचा काढा आणि थोडी तुरटी पुरते. हळदीचा रंग खुलतो खरा, पण उन्हात उडतो. (कांद्याच्या साली सुचवणारेही भेटतात, जैन स्वयंपाकघरात तो प्रश्नच उद्भवत नाही!)

सहा इंच लांब, तीन इंच रुंद पान कापून मधोमध धावदोरा घालावा आणि किंचित ओढावा. शीर उठून दिसते. फुलासाठी दोन इंच रुंद व दोन फूट लांब पट्टी उभी दुमडून घडीच्या बाजूने बारीक चिरा द्याव्यात, मग गुंडाळी करून बुडाशी टाके घालावेत. झेंडू तयार होतो. सुतळीवर दोन पानांआड एक फूल ओवावे.

तोरणाखाली पाटावर अक्षतांचा स्वस्तिक काढता येतो. सडलेला तांदूळ पुन्हा उगवत नाही, म्हणूनच तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचे प्रतीक मानला गेला आहे. पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत दिव्यावर किडे फार झेपावतात. ज्योत काचेच्या हंडीत आणि तोरणापासून लांब असावी.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की तोरण उतरवून धुवावे, कडक उन्हात वाळवावे आणि सुती पिशवीत घालून ठेवावे. पुढच्या आश्विनात दोनचार पाने नवी शिवली की काम भागते.